दातांच्या डॉक्टरचा हात

माणूस किती शूर आहे हे बघायचं असेल तर त्याला माझ्या खुर्चीत आणून बसवा. सदाशिव पेठेत माझा दातांचा दवाखाना आहे. इतक्या वर्षांत न घाबरलेला पेशंट मी पाहिलेला नाही. न घाबरल्याचं नाटक करणारे मात्र खंडीभर पाहिले.

घाबरायची तऱ्हाही ज्याची त्याची. मंडईतले एक घाऊक व्यापारी येतात. आवाज असा की जिना चढायच्या आधीच कळतं, स्वारी आली. खुर्ची मागे झुकली की त्यांची बोलती बंद, आणि एक हात हळूच माझ्या मदतनीस मुलीच्या ओढणीचं टोक धरून बसतो. पेठेतली निवृत्त मंडळी घाबरली की चौकशी सुरू करतात. "हे भुलीचं औषध कुठलं? तारीख बघितलीत का? मगाशी बाहेर गेले त्यांना नक्की काय झालं होतं?" एक आजोबा तोंड उघडं ठेवून स्तोत्र म्हणायचे. त्यात एकही व्यंजन नसायचं, नुसते स्वर. एक बाई तर यायच्या त्याच भांडत. मी ताटकळत ठेवलं, पंखा फार जोरात आहे, पडदा मळलाय. सुरुवातीला मीही चिडायचे, आणि माझं चिडणं काही साधं नसतं. मग लक्षात आलं की भांडण चालू आहे तोवर तोंड उघडावं लागत नाही, एवढाच त्यांचा बेत. एकदा मी हातातलं सगळं खाली ठेवलं आणि म्हटलं, "तुमचं भांडून होऊ द्या, मी बसते." त्या हसल्या आणि मुकाट्यानं त्यांनी तोंड उघडलं.

मी कुणाला कधी 'घाबरू नका' म्हणत नाही. तसं म्हटलं की समोरच्याला कळतं, इथे घाबरण्यासारखं काहीतरी आहे. मी काय करणार ते आधी सांगते, आरशात दाखवते, मग करते. पुढे काय होणार हे माहीत असलं की माणूस बरंच सोसतो. खरा जीव जातो तो माहीत नसताना.

आणि आमच्या पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी ती पोरं! ती झोपेत दात खातात. सकाळी जबडा आखडलेला, कानशिलं दुखतायत, दाढांचे उंचवटे घासून सपाट. विचारलं तर, "टेन्शन वगैरे नाही मॅडम, एकदम चिल." अरे बाबा, चिल आहेस तर दाढेला तडा कुठून गेला? तोंड काहीही सांगो, दात खरं ते सांगतात. त्यांना मी रात्री दातांवर बसवायचं कव्हर करून देते आणि वर एक भाषण फुकट देते. ताण म्हणजे काही गुन्हा नाही. शरीराला धोका वाटला की ते तयारीला लागतं. छाती धडधडते, हात थरथरतात, जबडा आवळला जातो. ते आपलं काम करतंय. आपण मात्र तोंड मिटून बसायचं नाही, घरी सांगायचं, मित्राला सांगायचं. हे भाषण मी फार छान करते. एका मुलीनं तर ते मोबाइलवर रेकॉर्ड करून नेलं होतं.

तर अशी मी. आणि एक दिवस माझाच हात थरथरला.

काम अगदी साधं होतं, दाढेतली कीड काढून सिमेंट भरायचं. हातातली बारीक सळई पेशंटच्या दातावर टकटक वाजायला लागली. मला वाटलं, पेशंटच हलतोय. तो बिचारा डोळे मिटून स्तब्ध पडला होता. मग मी माझ्या हाताकडे बघितलं. कसंबसं काम उरकलं, आत जाऊन नळाखाली हात धरला आणि नळ बंद करायचंच सुचेना.

एवढ्याशा थरथरीनं माझं धाबं का दणाणलं ते कळायला बाबांबद्दल सांगावं लागेल. बाबा सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते, इमारतींचे नकाशे काढायचे. पट्टीशिवाय ओढलेली त्यांची रेघ लोक पट्टी लावून तपासायचे आणि गप्प बसायचे. त्याच उजव्या हाताला कंपवात झाला. सुरुवात अशीच झाली होती, खुर्चीच्या हातावर नुसत्या टेकलेल्या बोटांची टकटक. आई गेल्यावर मी त्यांना कर्वेनगरला आमच्याकडे आणलं. आता त्यांचा हात मांडीवर पडल्या पडल्या सारखा हलतो, आणि अलीकडे हनुवटीही. तेव्हा त्या दिवशी नळाखालचा माझा हात बघून मी मनात निदान करून टाकलं. बाबांचं आता माझ्याकडे आलं.

हात गेला तर माझं काय उरणार? लोक म्हणतात डॉक्टरचं डोकं. असेल इतरांचं. दातांच्या डॉक्टरचं डोकं बेताचं असलं तरी निभावतं, हात थरथरून निभावत नाही. मी जे काही आहे ते या उजव्या हाताच्या बोटांमुळे आहे. दवाखाना, नाव, घरातला माझा आवाज, सगळं. हा हात थांबला की मीही थांबले, असंच मला वाटायला लागलं.

शहाणा माणूस अशा वेळी डॉक्टरकडे जातो. डॉक्टर काय करतो? स्वतःच स्वतःला तपासतो. हा मूर्खपणा फक्त आम्हीच करू शकतो. मी सकाळी उठल्या उठल्या सुईत दोरा ओवून बघायचे. स्वयंपाकघरातून चहाचा कप काठोकाठ भरून हॉलपर्यंत आणायचे, सांडला तर दिवस संपला. हात समोर धरून मोबाइलवर त्याचं शूटिंग करायचे आणि ते रिक्षात बसून पुन्हा पुन्हा बघायचे. नवरा एकदा म्हणाला, "अगं, कप जरा कमी भरावा." मी म्हटलं, "चहा पुरत नाही म्हणून तूच कुरकुरतोस ना?" तो बिचारा कधीच कुरकुरलेला नव्हता. आणि जितकं बघावं तितकी थरथर वाढत होती. आता कळतं, कुणाच्याही हाताकडे दिवसभर डोळे वटारून बसलं तर त्यानं करायचं काय?

मग लपवाछपवी सुरू झाली. माझ्याकडे एक तरुण डॉक्टर मुलगी काम करते. अवघड दाढा मी तिच्याकडे सरकवायला लागले. आज मान धरलीय, आज डोळे चुरचुरतायत, आज तुला शिकायला मिळेल. शिकवायची एवढी हौस मला आयुष्यात कधी नव्हती. पेशंट नाराज व्हायचे, "आम्ही तुमच्यासाठी येतो हो." मी वस्सकन अंगावर जायचे, "ती काय न्हावी आहे का?"

घरीही तेच. बाबांची दाढी रोज सकाळी मी करायचे. ते गॅलरीत खुर्चीवर बसायचे, गळ्याभोवती टॉवेल. मी फेस लावला की ते हनुवटी वर करायचे, मी ती एका हातानं धरायचे आणि दुसऱ्यानं वस्तरा फिरवायचे. मी पेपरातल्या बातम्या सांगायच्या आणि त्यांनी गालावर फेस असताना त्यावर तिरकस बोलायचं, असा आमचा रोजचा कार्यक्रम होता. दिवसातला तेवढाच वेळ आम्ही दोघं नुसती बाप-लेक असायचो, पेशंट आणि डॉक्टर नाही. पण आता त्यांच्या हलणाऱ्या हनुवटीवर वस्तरा टेकवायची माझी छाती होईना. कापलं म्हणजे? मी सांगितलं, "बाबा, सकाळी दवाखान्यात फार घाई असते, उद्यापासून काका दाढी करतील." काका म्हणजे दिवसभर बाबांचं बघायला येणारे गृहस्थ. बाबा नुसतं "बरं" म्हणाले. तिरकस काहीच बोलले नाहीत. मला मात्र हुश्श झालं.

शेवटी त्या तरुण मुलीनंच मला धरलं. एक दाढ मी तिच्याकडे पाठवली तेव्हा ती दार लावून माझ्यासमोर उभी राहिली. "मॅडम, ही दाढ तुम्ही बोलता बोलता काढता. काय होतंय तुम्हाला?" मी तिला चार शब्द सुनावले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "झालं? आता दाखवायला कधी जायचं?" पोरगी माझ्याच तालमीत तयार झालेली. तिनंच वेळ ठरवली आणि मला घेऊन गेली.

मेंदूच्या डॉक्टरांनी मला हात पुढे धरायला लावले, नाकाला बोट लावायला लावलं, लिहायला लावलं, चालायला लावलं. मग विचारलं, "वडिलांचा हात कधी थरथरतो?"

"शांत बसलेले असले की."

"आणि तुमचा?"

"काम करताना. त्यातून कुणी बघत असेल तर जास्त."

"मग?" ते म्हणाले.

मग काय मग! याचं उत्तर मी कॉलेजात परीक्षेत लिहिलं होतं. कंपवाताची थरथर हात रिकामा असताना दिसते, आणि भीतीची थरथर हात कामाला लागला की. दोन्ही निराळ्या. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी एका वाक्यात त्याला मोकळं केलं असतं. ते म्हणाले, "कसला ताण आहे का?" मी फटकन म्हटलं, "छे! मला कसला ताण?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "बरं, कालचा दिवस सांगा." मी सांगायला लागले. बाबांना रात्री कूस बदलून द्यायला उठणं, त्यांच्या गोळ्यांच्या वेळा, काका आले नाहीत म्हणून केलेली फोनाफोनी, दवाखाना, मध्येच घरी जाऊन त्यांना भरवणं, परत दवाखाना, संध्याकाळी ते बाथरूममध्ये घसरता घसरता वाचले ते. आई गेल्यापासून मी एकदाही नीट रडले नव्हते, हेही कसं कोण जाणे त्यात आलं. डॉक्टर म्हणाले, "आणि वर मलाच विचारताय, कसला ताण?"

कंपवात नव्हता. जीव भांड्यात पडला. तिथून बाहेर पडून मी आणि त्या मुलीनं मिसळ खाल्ली, आणि मी तिच्या हातातून पाव हिसकावून घेण्याइतकी खुशीत होते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हात पुन्हा थरथरला.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डोक्याला कळलं म्हणजे हाताला कळलं, असं नसतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, झोप वाढवा, मदतीला आणखी माणूस ठेवा आणि घरी सांगून टाका, वडिलांना तर आधी. पहिल्या दोन गोष्टी मी केल्या. दुपारी बसायला एक मावशी मिळाल्या, रात्रीचं उठणं नवऱ्यानं वाटून घेतलं. थरथर कमी झाली, गेली नाही. तिसरी गोष्ट मात्र मी टाळली. बाबांना काय सांगू? माझा हात थरथरतो म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं, हे मीच पोरीला दिलं. ते मला सहन झालं नसतं.

तेवढ्यात काकांनी मला दारात गाठलं. "ताई, साहेब एकाच बाजूनं चावतायत. पोळी आमटीत भिजवून नुसती गिळतात."

मी बॅटरी आणून बाबांच्या तोंडात बघितलं. खालची एक दाढ डुगडुगत होती, हिरडी सुजलेली, पू धरलेला. किती दुखत असेल ते मला नाही कळणार तर कुणाला?

"बाबा, कधीपासून दुखतंय हे?"

"झाले असतील काही दिवस."

"अहो, घरात दातांची डॉक्टर आहे!"

"ती कामात असते," बाबा म्हणाले.

आधी गोळ्या देऊन सूज उतरवली. मग मी म्हटलं, आमच्याकडची मुलगी फार हलक्या हाताची आहे, ती काढेल. बाबांनी मान फिरवली. "तू काढणार नसशील तर राहू दे. माझ्या दाढेला घाई नाही." नवऱ्यानं सांगून बघितलं, काकांनी सांगून बघितलं. हा माणूस आयुष्यात कुणाचं ऐकत आलाय की आता ऐकेल? दाढ तशीच ठेवली असती तर पू पुन्हा भरला असता, आणि खाणं तर जवळजवळ सुटलंच होतं. त्यांच्या अंगावरचं मांस माझ्या डोळ्यांदेखत उतरत चाललं होतं.

रविवारी दवाखाना बंद असतो. सकाळी, कंपवाताच्या गोळीचा अंमल असताना, आम्ही त्यांना घेऊन गेलो. ती मुलगी सुट्टी असून आली, बाबांच्या डोक्यामागे उभी राहिली आणि दोन्ही तळव्यांत तिनं त्यांचं डोकं धरलं. भुलीचं इंजेक्शनही मी तिलाच द्यायला लावलं. जबडा बधिर झाला तरी हनुवटी हलतच होती. मी चिमटा उचलला. तो माझ्या हातात असा काही थरथरायला लागला की मी तो परत ट्रेमध्ये ठेवला. खण्णकन आवाज झाला.

"मॅडम, मी करू का?" ती हळूच म्हणाली.

"काय झालं?" बाबांनी विचारलं. भुलीमुळे शब्द जड येत होते.

आता लपवायला जागाच नव्हती. वर दिवा, खाली बाबा, मध्ये माझा हात. मी म्हटलं, "बाबा, माझा हात थरथरतो. बरेच दिवस झाले. तुमचा आजार नाही, मी दाखवून आलेय. ताणानं होतं म्हणतात. पण थरथरतो, आणि मला भीती वाटते."

बाबा माझ्या हाताकडे बघत राहिले. ड्राफ्ट्समनचे डोळे ते, त्यांना एक केसही हललेला दिसतो. मग म्हणाले, "म्हणून दाढी सोडलीस?"

"हो. कापेल म्हणून."

"मला वाटलं, कंटाळलीस." लाळ ओघळली ती त्यांनी आत ओढून घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "माझ्या तोंडातून हे असं गळतं, अन्न सांडतं. किळस येणारच माणसाला. म्हटलं, आणखी दाढेचं कशाला सांगा."

मी इतकी चिडले, इतकी चिडले की विचारू नका. रविवारच्या शांत पेठेत माझा आवाज खालच्या मजल्यावर गेला असणार. "किळस? बाबा, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? जन्मभर लोकांच्या तोंडात हात घालतेय मी आणि मला तुमची किळस येईल? इतके दिवस दाढ ठणकत ठेवलीत, उपाशी राहिलात, आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीत?" बोलता बोलता मास्कच्या आत नाक वाहायला लागलं. आईच्या वेळी राहून गेलेलं सगळं त्यात होतं. ती मुलगी खिडकीबाहेर बघत होती, बाबांचं डोकं मात्र तिनं सोडलं नव्हतं.

बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ओरडून झालं असेल तर दाढ काढ. भूल उतरेल."

मी चिमटा पुन्हा उचलला. हात थरथरत होता, थरथरू दे म्हटलं. आमच्याकडे पहिल्या वर्षी एक गोष्ट शिकवतात. चिमटा कधी अधांतरी धरायचा नाही. अनामिका आधी पेशंटच्या शेजारच्या दातावर टेकवायची, मग काम. पेशंट हलला तर आपला हात त्याच्याबरोबर हलतो आणि अवजार घसरत नाही. इतक्या वर्षांत ते माझं बोट आपोआप टेकायचं, मी कधी त्याचा विचारही केला नव्हता. त्या दिवशी मी ते मुद्दाम टेकवलं. बाबांचा जबडा हलत होता, माझा हात हलत होता, आणि बोट टेकल्यावर दोन्ही एकत्रच हलायला लागले. चिमट्याला मात्र दाढ जागच्या जागी सापडली. यातली थरथर कुणाची, हे त्या क्षणी मला खरंच सांगता आलं नसतं. मी दाढ अलगद बाहेरच्या बाजूला कलती केली, आतल्या बाजूला केली, आणि ती वर आली.

"आली?" बाबांनी विचारलं.

"आली. आता बोलायचं नाही, हा कापूस घट्ट दाबून धरा."

आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी माझं ऐकलं. कापसाच्या कडेनं रक्त मिसळलेली लाळ हनुवटीवर उतरायला लागली, आणि ती लपवायला ते मान वळवून रुमाल शोधू लागले. मी हातमोजे ओढून काढले, टाकून दिले आणि उघड्या हातानं त्यांची हनुवटी पुसायला लागले.

"मॅडम, ग्लोव्हज!" ती मुलगी दचकून म्हणाली.

"गप ग," मी म्हटलं.

माझा हात थरथरत होता आणि बाबा तो बघत होते. मग त्यांनी डोळे मिटले, मान सैल सोडली आणि हनुवटी माझ्याकडे वर केली.